खडपाची खूण

प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाईंनी पडद्यावर पहिलं पान लावलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'सोशल मीडियावर येण्याचे वैयक्तिक आणि व्यावसायिक फायदे'. आम्ही बचत गटाच्या बायका रत्नागिरीतल्या एका हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. हातात चहाचे कागदी कप आणि मांडीवर फुकट मिळालेली वही. बाई शहरातून आल्या होत्या, हसून बोलायच्या, आमच्यातल्या सगळ्यात लाजऱ्या बाईलाही त्यांनी माईकवर बोलतं केलं. आणि त्यांनी सांगितलेला एकेक फायदा मला पुढे मिळाला. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा राग फसवणुकीचा नाही. फसवलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. फायदे खरे निघाले, तिथंच माझी पंचाईत झाली.

माझी खानावळ आहे. रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि रस्त्याला लागूनच माहेरचं घर. सासर त्याच गावात, चार वाड्या सोडून. आई गेल्यावर बाबा एकटे पडले, भाऊ मुंबईत नोकरीला चिकटलेला, म्हणून मी माहेरच्याच पुढच्या पडवीत सहा टेबलं टाकली आणि मासळीची ताटं सुरू केली. मासळी बाबा आणायचे. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, छोटी होडी, आणि हातात दोरी आणि गरी, म्हणजे गळ. जाळं ते फारसं लावत नाहीत. गरवायला जातात, तेही खडपावर.

खडप म्हणजे समुद्राच्या तळाशी असलेला खडकाचा उंचवटा. वरून काही दिसत नाही, सगळीकडे सारखंच पाणी. पण गोबरा, तांबोशी असली मोठी मासळी त्या खडकाच्या कपारींत राहते. तुम्ही दहा-पंधरा हात इकडेतिकडे झालात की खाली नुसती वाळू, दिवसभर बसलात तरी काही लागायचं नाही. तर मग जागा सापडते कशी? जमिनीवरच्या खुणांनी, प्रत्येक खडपाच्या वेगळ्या. सगळ्यात जवळच्याची खूण अशी: आमच्या गावच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस कड्यातल्या खाचेत बरोबर बसला पाहिजे, आणि त्याच वेळी दक्षिणेला दीपस्तंभाच्या उजव्या अंगाला पाण्याची इंग्रजांच्या वेळची टाकी टेकलेली दिसली पाहिजे. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे नांगर टाकायचा. बाबांना हे त्यांच्या बापाने दाखवलं, त्याला त्याच्या बापाने. कागदावर कुणी कधी काढलं नाही, बंदरावर कुणी कधी बोललं नाही. अशी पाच खडपं बाबांना ठाऊक आहेत. प्रत्येकाला नाव आहे, आणि ते नावही घरातच वापरायचं.

बाबा एका खडपावर गेले की दोन-तीन मासे घेऊन परत फिरतात आणि मग आठ-दहा दिवस त्या बाजूला फिरकत नाहीत. खडपाला पडू द्यायचं, असं ते म्हणतात. शेत पडीक टाकतात तसं. त्यामुळेच पाचही खडपं इतकी वर्षं टिकली.

आता ही खडपं रीतीने भावाला मिळायची. भाऊ दर गणपतीला यायचा आणि होडीत बसला की त्याला ओकाऱ्या व्हायच्या. दोन-तीन वर्षं बाबांनी वाट पाहिली. मग एका सकाळी मला म्हणाले, "चल गो बाय, तुला दाखवतो." आमच्याकडे बाईमाणसाला होडीत घेत नाहीत. बंदरावर लोक बघत उभे राहिले, एकाने तर हाक मारून विचारलंसुद्धा, "काय हो, आता पोरीला तांडेल करताव काय?" तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्या सकाळी त्यांनी मला सगळ्यात जवळचं खडप दाखवलं. कळस खाचेत बसतो म्हणजे काय, तो थोडा डावीकडे सरकला तर होडी कुठे वळवायची, सगळं. परत येताना म्हणाले, "ह्याच्यावर तुझी नजर बसू दे. मग बाकीची चार दाखवतो." त्या दिवसाइतकी उंच मी आयुष्यात कधी झाले नाही. लग्नात नाही, मुलं झाली तेव्हाही नाही. बापाने मला वारस केलं होतं आणि तेही भर बंदरावरून नेऊन.

हे सगळं असताना मी काय करावं?

हॉलमधल्या त्या दिवसानंतर मी मोबाइलवर पान उघडलं. सुरुवातीला ताटांचे फोटो टाकले. सुरमईचं ताट, कोलंबीचं ताट, सोलकढीचा पेला. गटातल्या बायका अंगठे दाखवायच्या आणि नणंद एक बदाम टाकायची, झालं. तरी मिळालं काहीतरी. दहावीला माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण पंचवीस वर्षांनी सापडली, आम्ही दोघी फोनवर रडलो. मुलीच्या कानाचं दुखणं कोणाला दाखवावं ते तिथल्याच ओळखीतून कळलं. मी लिहायला लागले. सकाळी बंदरावर काय दिसलं, चुलीवर काय शिजतंय, चार-चार ओळी. लोक म्हणायचे, ताई, छान लिहिता. मला आयुष्यात कुणी छान लिहिता म्हटलं नव्हतं. घरात तर ताट छान झालंय असंही म्हणत नाहीत, मीठ कमी असलं तर तेवढं बोलतात.

त्या प्रशिक्षणातल्या बाई अधूनमधून फोन करायच्या. म्हणाल्या, "ताटं सगळेच दाखवतात. तुमचं स्वतःचं असं काय आहे, जे दुसऱ्या कुणाकडे नाही? ते दाखवा." बाईंना दोष देत नाही. त्यांना काय ठाऊक, आमच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं नेमकं काय आहे ते. मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतरच्या एका स्वच्छ सकाळी मी बाबांबरोबर होडीत गेले आणि मोबाइल काढला. बाबा नांगर टाकताना दाखवले, त्यांचे हात दाखवले, दोरीने पडलेले घट्टे दाखवले. आणि मग मोबाइल टेकडीकडे वळवून म्हटलं, "बघा, आमच्या बाबांकडे कसलंही यंत्र नाही. देवळाचा कळस त्या खाचेत बसला, आणि इकडे दीपस्तंभाला टाकी टेकली, की झालं. हे आमचं यंत्र." मोबाइल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. हात जराही हलू दिला नाही, कारण बाईंनी शिकवलं होतं, हात हलला तर लोक पुढे जातात.

खडपाचं नाव मी घेतलं नाही. हे मी शपथेवर सांगते. गावाचंही नाव घेतलं नाही. मला वाटलं, नाव नाही सांगितलं म्हणजे काही सांगितलं नाही. आमच्यात गुपित फोडणं म्हणजे तोंडाने सांगणं. बंदरावर दारू पिऊन बरळलेला माणूस, सासरच्यांना सांगून बसलेली सून, अशा गोष्टी ऐकत मोठी झालेली मी. जीभ सांभाळायची एवढंच शिकले होते. हातातल्या त्या काचेच्या तुकड्यालाही तोंड असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे! स्वतःच्या बापाचं घर उघडं टाकून, वर दिवा लावून दाखवत होते मी, आणि बघा बघा किती सुंदर म्हणत होते.

तो व्हिडिओ धावला. कुठून कुठून माणसं आली. दुपारी पडवीत जागा मिळेना, मी मागच्या अंगणात चटया टाकल्या. परगावची माणसं आत डोकावून विचारायची, "ते बाबा कुठे आहेत?" बाबा लाजायचे, पण धोतराचा सोगा नीट करून बाहेर यायचे. कुणीतरी त्यांच्या पाया पडायचं. मला वाटायचं, बाईमाणसाला होडीत नेलं म्हणून हसलेल्यांनो, बघा आता. अगदी मनातल्या मनात नाही, एकदोनदा मी तोंडावरही ऐकवलं.

मग बाबा रिकाम्या हाताने यायला लागले.

पहिल्यांदा म्हणाले, पाणी गढूळ होतं. दुसऱ्यांदा सरळ मागे जाऊन दोरी वाळत घातली. तिसऱ्यांदा टोपली पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि मला विचारलं, "खडपावर दोन होड्या उभ्या हायत. बरोबर आपल्या जागेवर. तू सांगितलंस काय गो कुणाला?"

"मी? कुणाला सांगणार मी, बाबा?" मी इतक्या मोठ्याने म्हटलं की जेवणारी माणसं बघायला लागली. मला भयंकर राग आला होता. माझ्यावर संशय! आणि मग तो राग घेऊन मी तशीच बंदरावर गेले आणि बाबांच्या चुलतभावाला गाठलं. तो एकटाच असा होता की त्याने लहानपणी बाबांबरोबर गरवलं होतं. चारचौघांत मी त्याला बोलले. पाळत ठेवलीस, भावाच्या ताटातलं ओढलंस, असलं काहीबाही. सत्तरीचा माणूस जाळ्याची गाठ मारत बसला होता. त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "माझ्या बापानं नाय दाखवलं ते मी चोरीन काय?" मी त्याच्याकडे पाठ फिरवून निघून आले. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

पुढच्याच रविवारी एक गाडी थांबली. घाटावरची चार माणसं उतरली, अंगात खिशाखिशांची जाकिटं, डोळ्यांवर गॉगल. दोघांनी थर्माकोलचा डबा उचलून आणला आणि माझ्यासमोर झाकण काढलं. बर्फात गोबरा होता. एवढा मोठा गोबरा मी त्या खडपावरून येताना कधी पाहिला नव्हता, कारण बाबा असल्याला सोडून द्यायचे.

"ताई, तुमच्याच जागेवरचा! बनवून द्याल ना? तुमच्याच हातचा खायचा म्हणून थेट इकडे आलो."

"माझी जागा?" मी विचारलं.

त्यातला एक हसला आणि त्याने मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. माझाच व्हिडिओ, थांबवलेला. त्यावर त्याने दोन तांबड्या रेषा ओढल्या होत्या. एक कळसातून खाचेतून पाण्याकडे, दुसरी टाकीवरून दीपस्तंभाच्या अंगाने. "गावाचं नाव तुम्ही दिलं नव्हतं, पण खानावळीचा पत्ता तुमच्या पानावर होताच. मग नकाशावर बसवलं, दहा मिनिटांचं काम. मी तुम्हाला लिहिलंही होतं, आठवतं?"

आठवलं. 'ताई, अत्यंत उपयुक्त माहिती. अशीच देत राहा.' आणि मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

मागे बाबा उभे होते. मासा बघायला आले असतील. त्यांनी मान पुढे करून त्या मोबाइलकडे पाहिलं. बाबांना धड वाचता येत नाही, पण त्या दोन रेषा वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. आयुष्यभर त्या रेषा त्यांच्या डोळ्यांत होत्या, फक्त कुणी ओढलेल्या पाहिल्या नव्हत्या. ते त्या माणसाला म्हणाले, "मोठा गावला. द्या इकडे, साफ करतो." आणि तो जड मासा दोन्ही हातांनी उचलून मागच्या दारी घेऊन गेले. पोट गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलेलं होतं. ती त्यांनी वेगळी काढून केळीच्या पानावर ठेवली.

आणि मी तो मासा रांधला. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. चुलीत टाकायला हवा होता, त्या डब्यासकट रस्त्यावर भिरकवायला हवा होता. पण पडवीत माणसं बसली होती, वाटण तयार होतं, आणि आलेल्याला जेवू घालायची हातांना सवय. मी तिरफळं घालून आमटी केली, तुकड्या तळल्या, वाढल्या, भात आणखी घ्या म्हटलं. त्यांनी ताटांचे फोटो काढले, मला मध्ये उभं करून एक काढला. जाता जाता एकाने पानावर पाच चांदण्या दिल्या आणि तो फोटो चढवला. ते पान अजून आहे. त्या फोटोत मी हसते आहे.

गाडी गेल्यावर मी मागच्या दारी गेले. बाबा पाटावर बसून सुरी धूत होते.

"मी नाव नाही घेतलं कुठे, बाबा."

"नाव काय, ते आपणच ठेवलेलं," ते म्हणाले. मग बराच वेळ सुरीवर पाणी ओतत राहिले. "मला वाटलेलं, तू माझा फोटू काढतेस. मी टोपी सारखी केलेली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं. मी बाबांवर चिडले, ओरडत का नाही म्हणून. मग त्या चौघांवर चिडले. त्यांचं पोट त्या माशावर नव्हतं, त्यांनी तो फोटोपुरता मारला होता. मग बाईंवर, मग भावावर, त्याला होडी लागत नाही म्हणून. सगळे संपल्यावर एकटी मीच उरले.

व्हिडिओ मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. काय उपयोग? तोवर तो तीन-चार जणांनी आपापल्या पानांवर चढवला होता, एकाने तर खाली गाणं लावलं होतं. मी त्यांना लिहिलं, काढा म्हणून. एकाने लिहिलं, समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का? मी तापून उत्तर दिलं, हो, तेवढा दहा हात माझ्या बापाचाच आहे, त्याने तो पोरासारखा सांभाळला. त्या भांडणालाही माणसं जमली. जितकी मी भांडले तितके बघणारे वाढले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खानावळ पुन्हा भरली. म्हणजे माझा राग विकूनही मला गिऱ्हाईकच मिळालं. हसावं की डोकं आपटावं?

चुलत्याकडे माफी मागायला गेले. दारातच चहा दिला, पाणी दिलं. आत ये म्हणाला नाही.

प्रशिक्षणातल्या बाईंचा फोन आला. नव्या तुकडीसमोर तुमची यशोगाथा सांगाल का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, "सांगते. पण मग सगळी सांगेन." त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदा अरेरे म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की वेळ पंधराच मिनिटांची आहे, तर आपण सकारात्मक भागावर भर देऊ या. मी फोन ठेवला.

आणि कुणाला वाटेल, मी आता सोशल मीडियातून बाहेर पडले असेन. नाही पडले. खानावळ त्याच्यावरच चालते. बाबांची मासळी येत नाही तेव्हा बाजारातून घ्यावी लागते, मुलीचं शिक्षण आहे, पडवीवर नवी कौलं घातली. रोज सकाळी मी ताटाचा फोटो टाकते. मागे भिंत येईल असा कोन धरते, खिडकी येऊ देत नाही. दाद येते, मन सुखावतं, आणि मन सुखावलं म्हणून स्वतःचीच चीड येते. मैत्रीण रोज फोन करते. आम्ही अजून बोलतो, खूप बोलतो, पण ती कशी सापडली हे आठवलं की चुलीवर काहीतरी आहे म्हणून मी फोन ठेवते.

त्या खडपावर आता सुट्टीच्या दिवशी होड्यांची रांग लागते. एक भाड्याने होडी देणारा माणूस लोकांना तिथे नेऊन सोडतो. खडपाला पडू द्यायचं वगैरे कुणाला ठाऊक नाही. ते एक खडप गेलं, हे मी मान्य केलं आहे. मला धडकी भरते ती उरलेल्या चारांची. बाबांचे हात हल्ली थरथरतात. दोरी ओढताना मध्ये थांबतात. त्या चार जागा एका माणसाच्या डोळ्यांत आहेत आणि त्या डोळ्यांवर आता मोतीबिंदू येतो आहे. भाऊ येणार नाही. माझ्याखेरीज घेणारं कुणी नाही.

या हंगामात तीन वेळा मी म्हटलं, "बाबा, उद्या मी येऊ होडीत? मोबाइल घरी ठेवते." पहिल्यांदा म्हणाले, वारा आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, तुझी गिऱ्हाईकं आहेत. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता काय दाखवायचं गो, एवढंच होतं." माझ्या बापाने मला सांगितलेलं हे पहिलं खोटं. आम्ही दोघंही कठड्याला टेकून उभे होतो आणि दोघांनाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं.

परवा दुपारी ते आले आणि त्यांनी टोपली खाली ठेवली. आत एक तांबोशी होती, अजून लालबुंद. वाळूतला मासा नाही तो. बाजारात कुणी देणार नाही असा ताजा. मला इतका आनंद झाला की विचारून बसले, लहानपणापासून विचारत आले तसं, "कुठे लागली, बाबा?"

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागली अशीच. बाहेर."

बंदरावर कुणी परक्याने विचारलं की बाबा हेच सांगतात.